ग्राहकाच्या चुकीसाठीही शाखेत एक वही असावी : बँकांच्या शाखाव्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व बँकांचे शाखाव्यवस्थापक व त्यांचे वरिष्ठ अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी एकतीस वर्षे बँकेत नोकरी केली. त्यांतली बावीस वर्षे रोख रकमेच्या खिडकीमागे, आधी कॅशियर आणि नंतर हेडकॅशियर म्हणून, काढली. निवृत्त झाल्यापासून मी खिडकीच्या अलीकडे, ग्राहकांच्या रांगेत उभा असतो आणि माझ्याबरोबर बहुतेक वेळा कोणी ना कोणी असते. कधी पासबुकातली नोंद न कळलेले शेजारी असतात, कधी एटीएममधून नोटा न येताच ज्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली असा पेपर टाकणारा मुलगा असतो, तर कधी पेन्शन कमी जमा झाली म्हणून रात्रभर न झोपलेल्या माझ्या मामी असतात. ही माणसे आळशी नाहीत आणि बेफिकीरही नाहीत. त्यांच्या हातून एखादा आकडा उलटा पडतो, एखादी तारीख हुकते, आणि त्याचे पैसे त्यांना मोजावे लागतात. अशा लहानशा चुकीची किंमत किती व्हायची, हे ती कळल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत शाखेत कोणी काय केले यावर ठरते, असे माझे या सात वर्षांत ठाम मत झाले आहे. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

आधी माझ्या स्वतःच्या चुकीविषयी लिहितो, म्हणजे मी कोणत्या जागेवरून बोलतो आहे ते आपल्या लक्षात येईल.

१९९८ सालचा मार्च महिना होता. आमच्या शाखेत एका गूळ व्यापाऱ्याला एक लाख दहा हजार रुपयांचे पेमेंट करायचे होते. पाचशेची दोन पॅकेट आणि शंभरचे एक, असा साधा हिशेब होता. त्या काळी पॅकेटला पिना मारलेल्या असत आणि वर कागदी पट्टी असे. गर्दीच्या वेळी माझा हात शंभरच्या खणाऐवजी पाचशेच्या खणात गेला आणि मी पाचशेची तीन पॅकेट दिली. टोकन घेतले, रक्कम पुकारली, पुढचे टोकन बोलावले. चार वाजता कॅश मोजायला बसलो तेव्हा चाळीस हजार रुपये कमी निघाले. ते माझे पाच महिन्यांचे वेतन होते. कॅश शॉर्ट आली की कॅशियरने ती आपल्या खिशातून भरायची आणि जास्त आली की ती संड्रीत, म्हणजे बँकेच्या किरकोळ खात्यात, जमा करायची, हा बँकेतला जुना शिरस्ता आपणांस ठाऊक आहे. माझे हात थरथरत होते आणि तिसऱ्यांदा मोजतानाही आकडा तोच येत होता.

आमच्या व्यवस्थापकांनी त्या वेळी मला एकही जादा शब्द ऐकवला नाही. त्यांनी दिवसभराची पेमेंट व्हाउचरे टेबलावर मांडली, पन्नास हजारांच्या वरची वेगळी काढली आणि विचारले, "यांपैकी कोणाकोणाला शंभरचे पॅकेट दिलेत ते शांतपणे आठवा." अशी नऊ व्हाउचरे निघाली. मला चार पेमेंट आठवली. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी मार्केट यार्डात गेलो. दुसऱ्याच दुकानात त्या व्यापाऱ्याने गल्ल्यातून ते पॅकेट काढून समोर ठेवले आणि उद्या सकाळी आणून देणारच होतो असे म्हणाला. रात्री साडेआठला आम्ही तिजोरी बंद केली. चूक झाल्यापासून ती निस्तरेपर्यंत नऊ तासही गेले नव्हते.

त्या संध्याकाळचा मी पुढे अनेकदा विचार केला. माझे पैसे व्यापाऱ्याच्या चांगुलपणाने वाचले हे खरेच. पण त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती : माझ्या चुकीसाठी शाखेकडे पद्धत तयार होती. रोज संध्याकाळी टॅली करायची, म्हणजे रोकड हिशेबाशी जुळवून पाहायची, फरक आला तर तो शोधल्याशिवाय घरी जायचे नाही, सापडला नाही तर त्याची नोंद कोणत्या खात्यात करायची, कोणाला कळवायचे, हे सगळे ठरलेले होते. कॅश हाताळण्याच्या जोखमीबद्दल कॅशियरला वेगळा भत्ताही मिळत असे. माणूस दिवसाला हजारो नोटा मोजतो तेव्हा तो कधीतरी चुकणार, हे बँकेने मान्य केलेले होते आणि त्याची तजवीजही करून ठेवली होती.

ग्राहकाची चूक बँकेत येते तेव्हा मात्र तिच्यासाठी अशी कोणतीही वही उघडली जात नाही.

माझी धाकटी बहीण मिरजेला खानावळ चालवते. तिचा मुलगा पुण्याला शिकायला गेला. तिथल्या खोलीमालकांचे डिपॉझिट आणि भाडे मिळून अडतीस हजार पाचशे रुपये तिला पाठवायचे होते. १ ऑगस्ट २०२५ रोजी, शुक्रवारी, ती आपल्या शाखेत गेली आणि तिने एनईएफटीचा, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे पाठवण्याचा, कागदी अर्ज भरला. खाते क्रमांक चौदा आकडी होता. मुलाने तो फोनवर सांगितला होता आणि तिने तो किराणा बिलाच्या मागे उतरवून घेतला होता. उतरवताना ४७ चे ७४ झाले. अर्जावर क्रमांक दोन ठिकाणी लिहायचा असतो. तिने दोन्ही ठिकाणी त्याच चिठ्ठीवरून तो लिहिला, म्हणून दोन्हीकडे चूक सारखीच आली आणि दोनदा लिहून घेण्याचा हेतू फुकट गेला. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा सांकेतिक क्रमांक, बरोबर होता. त्यामुळे पैसे खोलीमालकांच्याच बँकेच्या त्याच शाखेतील तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले. अर्जावर लाभार्थी म्हणून खोलीमालकांचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले होते.

आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असलेली, पण शाखेबाहेर फारच थोड्यांना माहीत असलेली गोष्ट इथे लिहायला हवी. इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करावी, नाव जुळते का ते पाहण्याची गरज नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये बँकांना सांगितले. त्यामागे कारण होते. इंग्रजीत नावांची स्पेलिंगे दहा प्रकारे होतात, कोणी वडिलांचे नाव लिहितो, कोणी नुसते आडनाव. नाव जुळत नाही म्हणून व्यवहार अडकून राहत होते. पण चेकचा काळ पाहिलेल्या माणसाच्या मनात अजून असेच आहे की, नाव आणि नंबर यांचा मेळ बसला नाही तर बँक पैसे देणार नाही. माझ्या बहिणीच्याही मनात तेच होते. अर्जावर नावाचा रकाना असतो, तेव्हा त्या नावाचा काहीतरी उपयोग होत असेल, असे समजणाऱ्या माणसाला दोष कसा द्यायचा?

आणखी एक बारीक गोष्ट आहे. आधारचा बाराव्या जागेवरचा आकडा पडताळणीचा असतो. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर तो जुळत नाही आणि संगणक क्रमांक नाकारतो. डेबिट कार्डावरचा शेवटचा आकडाही याच कामाचा असतो. खाते क्रमांकांना मात्र देशभर असा एक नियम नाही. एखाद्या बँकेत तो अकरा आकडी असतो, एखादीत चौदा, एखादीत सोळा. ४७ च्या जागी ७४ पडल्यावर समोर एखाद्या जिवंत माणसाचे चालू खाते निघणे म्हणूनच शक्य होते. आयएफएससीमध्येही अशीच एक जागा आहे. त्याची एकूण अक्षरे अकरा, पहिली चार बँकेची आणि पाचवे नेहमी शून्य असते. पण लोक तिथे ओ हे इंग्रजी अक्षर लिहितात. त्या चुकीने निदान पैसे अडतात, दुसऱ्याच्या खात्यात जात नाहीत. उलट्या आकड्याने ते सरळ जातात आणि जायला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

सोमवारी, ४ ऑगस्टला, खोलीमालकांचा फोन आला की पैसे मिळाले नाहीत. बहीण अकरा वाजता शाखेत पोहोचली. तिला सांगण्यात आले की नंबर तुम्हीच लिहिलेला आहे, सहीही तुमचीच आहे, आता आम्ही काही करू शकत नाही. फार तर एक अर्ज देऊन ठेवा. तिने अर्ज दिला. त्याची पोच मागावी हे तिला सुचले नाही आणि कोणी दिलीही नाही. तो अर्ज टेबलावरून टेबलावर गेला आणि समोरच्या, म्हणजे पैसे जिथे गेले त्या, बँकेला ईमेल गेला शुक्रवारी, ८ ऑगस्टला. दरम्यान मंगळवारी, ५ तारखेला, त्या तिसऱ्या माणसाच्या दुचाकी कर्जाचा आणि आणखी एका कर्जाचा हप्ता आपोआप वजा झाला. दोन्ही मिळून अकरा हजार दोनशे रुपये गेले. ईमेल मिळाल्यावर समोरच्या शाखेने उरलेल्या सत्तावीस हजार तीनशे रुपयांवर होल्ड लावला, म्हणजे ते खात्यातून काढता येऊ नयेत असे केले. तो माणूस एका गोदामात हमाली करणारा, सरळमार्गी निघाला. शाखेत बोलावल्यावर त्याने लगेच संमतीपत्रावर सही केली. पण अकरा हजार दोनशे त्याच्याजवळ नव्हतेच. ते त्याने तीन महिन्यांत, हप्त्याहप्त्याने परत केले. पहिली रक्कम बहिणीच्या खात्यात जमा व्हायलाही पाच आठवडे लागले. तोवर मुलाच्या खोलीसाठी तिने सोने गहाण ठेवले आणि त्याचे व्याज भरले. त्या हमालाचे हप्ते परस्पर फिटले असे वाटेल, पण तीन महिने घरखर्चातून पैसे काढून देताना त्याच्याही घरात ओढाताण झालीच.

सोमवारी अकरा वाजता तो ईमेल गेला असता, तर मंगळवारच्या हप्त्याआधी होल्ड लागला असता आणि दोन घरांचा त्रास वाचला असता. त्यासाठी कोणत्याही नियमात बदल करायची गरज नव्हती.

समोरची बँक खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे परत करू शकत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. तसे करता आले असते, तर माल घेऊन पैसे द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी चुकून गेले म्हणून परत मागायचे, असा धंदाच लबाडांनी मांडला असता. म्हणून संमती हवी आणि शहानिशाही हवी. परंतु "आम्ही काही करू शकत नाही" हे वाक्य खरे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेले पैसे परत करणे ही घेणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. ही गोष्ट समोरच्या खातेदाराला त्याच्या बँकेने नीट समजावून सांगितली, तर बहुतेक माणसे सही करतात; त्या गूळ व्यापाऱ्यापासून या हमालापर्यंत माझा अनुभव असाच आहे. आणि नकार देणाऱ्याविरुद्ध पुढे काय करता येईल, हे पैसे गमावलेल्या माणसाला शाखेने सांगायला हवे. त्याच्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेल्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही, हे वाक्य मराठीत लिहून काउंटरवर लावायला एक कागद पुरतो. काही शाखांत असा फलक आहे. तो बहुधा कॅलेंडरच्या मागे असतो.

आता या चुकीवरच्या उपायाकडे येतो, कारण तो आपल्याकडे आधीच आलेला आहे. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस (मोठ्या रकमा पाठवण्याचा असाच मार्ग) आणि एनईएफटीसाठी लाभार्थीचे नाव आधी पाहण्याची सोय करायला सांगितली. तिची मुदत १ एप्रिल २०२५ होती. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की त्या खात्यावरचे नाव पडद्यावर येते, मग पैसे पाठवायचे की नाही ते ठरवता येते. ग्राहकाकडून यासाठी काहीही आकारायचे नाही. शाखेत येऊन अर्ज भरणाऱ्यालाही ही सोय मिळाली पाहिजे, असे त्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. माझ्या बहिणीचा अर्ज त्यानंतर चार महिन्यांनी भरला गेला होता. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ते नाव पडद्यावर पाहून एकदा मोठ्याने वाचले असते, तर ती तिथेच म्हणाली असती की हे माझे नव्हेत.

म्हणून माझी पहिली विनंती हीच आहे. मोबाइलवर ही सोय लोक आपली आपण वापरतात. कागदी अर्ज भरणारा माणूस बहुधा असा असतो की, ज्याला मोबाइलवर व्यवहार जमत नाहीत, ज्याला चष्मा लागतो, ज्याने नंबर कोणाकडून तरी ऐकून लिहिलेला असतो. चूक होण्याची शक्यता ज्याची सर्वांत जास्त, त्याच्यापर्यंत ही सोय सर्वांत शेवटी पोहोचू नये. पैसे सोडण्याआधी पडद्यावरचे नाव ग्राहकाला वाचून दाखवायचे आणि त्याने होकार दिल्याची खूण अर्जावर करून घ्यायची, एवढा नियम प्रत्येक शाखेने आपल्यापुरता केला तरी पुष्कळ होईल. खिडकीवर माणसे कमी आहेत, हे मी जाणतो. मीच त्या खुर्चीत बसलो आहे. पण नाव वाचायला दहा सेकंद लागतात, आणि चुकलेल्या व्यवहाराचा पत्रव्यवहार कित्येक आठवडे चालतो.

दुसरी विनंती वहीची आहे. शाखेत एक नोंदवही ठेवा, तिला काहीही नाव द्या. चुकून दुसऱ्या खात्यात पैसे गेल्याचे सांगत कोणी आले की त्यात वेळेसह नोंद करायची, पोच द्यायची, समोरच्या शाखेला त्याच तासात ईमेल करायचा आणि फोनही करायचा. संध्याकाळी कॅश टॅली करता तशी ही वहीही पाहायची आणि ज्या नोंदीपुढे ईमेलची वेळ लिहिलेली नसेल ती पूर्ण झाल्याशिवाय दिवस बंद करायचा नाही. समोरून असा ईमेल आपल्याकडे आला तरी हाच नियम पाळायचा. तुमच्या शाखेतून चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांसाठी दुसऱ्या गावचा व्यवस्थापक जेवढ्या तत्परतेने धावावा असे तुम्हाला वाटते, तेवढ्याच तत्परतेने तुम्हीही धावायचे.

यूपीआयच्या चुकांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे शाखेच्या हातात कमी गोष्टी आहेत. नाव दिसत असूनही घाईत न वाचता पिन दाबणारे पुष्कळ भेटतात. जुन्या मोबाइल क्रमांकाची अडचण मात्र शाखेने सोडवण्यासारखी आहे. बंद झालेला क्रमांक काही महिन्यांनी दूरसंचार कंपनी दुसऱ्याला देते. खात्याला जुनाच क्रमांक चिकटलेला राहिला, तर बँकेचे निरोप अनोळखी माणसाला जातात आणि खातेदार अंधारात राहतो. पासबुक भरायला आलेल्या प्रत्येकाला "मोबाइल नंबर हाच आहे ना?" एवढे विचारले तरी किती नुकसान टळेल, ते पुढच्या हकिकतीवरून दिसेल.

आमच्या गल्लीत राहणारा एक सेंट्रिंग कामगार सप्टेंबर २०२५ मध्ये हृदयविकाराने गेला. वय त्रेचाळीस. दिवसकार्य झाल्यावर वहिनी त्याचे पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. नवऱ्याने बँकेत दोन लाखांचा विमा काढला होता, एवढे त्यांना आठवत होते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना होती ती. तिचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, तो मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप वजा होतो आणि १ जूनपासून वर्षभराचे संरक्षण मिळते. मी शाखेतून पासबुक भरून आणले आणि स्वयंपाकघराच्या उजेडात त्यांच्यासमोर बसून नोंदी वाचल्या.

मार्च महिन्यात खात्यात ४६३ रुपये ३० पैसे होते. त्या महिन्यात त्याने एटीएममधून पाचशे रुपये काढायचा प्रयत्न केला होता. शिल्लक पुरेशी नसल्याने पैसे आले नाहीत. त्या न झालेल्या व्यवहाराचे शुल्क वीस रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे २३ रुपये ६० पैसे वजा झाले. एप्रिलमध्ये एसएमएसचे शुल्क, जीएसटी धरून १७ रुपये ७० पैसे. त्याने अपघात विम्याची वेगळी योजनाही घेतली होती; मेअखेर तिचे २० रुपये वजा झाले आणि शिल्लक राहिली बरोबर ४०२ रुपये. ४३६ ची नोंद नव्हती, कारण तेवढे पैसे नव्हते. मधली दोन शुल्के कापली गेली नसती, तर अपघात विम्याचे वीस रुपये जाऊनही ४४३ रुपये ३० पैसे उरले असते आणि हप्ता गेला असता. मी ही बेरीज-वजाबाकी पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन वेळा केली. वहिनी फक्त बघत होत्या. त्यांनी एकच विचारले, "भाऊजी, चौतीस रुपये कमी पडले होय?"

हप्ता चुकल्यानंतरही मार्ग बंद झालेला नव्हता. जूनमध्ये पैसे भरून योजनेत पुन्हा सामील होता येते. पहिले तीस दिवस अपघाताखेरीजच्या मृत्यूचा दावा मिळत नाही, पण सप्टेंबरपर्यंत ते तीस दिवस केव्हाच उलटले असते. हे त्याला कोणी सांगितले नाही. खात्यावरचा मोबाइल क्रमांक दोन वर्षांपूर्वीचा होता आणि तो त्याच्याकडे राहिला नव्हता. ज्या निरोपांचे १७ रुपये ७० पैसे त्याच्या खात्यातून घेतले गेले, ते निरोप त्याला कधी मिळालेच नाहीत.

मी त्या शाखेला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही, म्हणून तिचे नावही लिहिलेले नाही. तिथे कोणीही नियम मोडला नव्हता. शुल्क संगणकाने कापले, हप्ता संगणकाने मागितला, शिल्लक नाही म्हणून सोडून दिला. त्या साखळीत एकदाही माणसाने डोकावले नाही आणि माझी तक्रार तेवढीच आहे. वर्षातून एकदा, मेच्या पहिल्या आठवड्यात, ज्यांचा हप्ता गेल्या वर्षी गेला होता आणि ज्यांच्या खात्यात आता ४५६ रुपये (४३६ आणि अपघात विम्याचे २०) नाहीत, अशा खातेदारांची यादी काढणे कोणत्याही शाखेला अवघड नाही. त्यांतल्या प्रत्येकाला फोन करावा. फोन लागला नाही, तर बँकमित्राला, म्हणजे गावात बँकेचे काम करणाऱ्या प्रतिनिधीला, पत्त्यावर पाठवावे. आणि तुमच्या वरिष्ठांनी, ज्यांच्या हातात शुल्काचे कोष्टक आहे त्यांनी, या खात्यांतून एप्रिल आणि मे महिन्यांत कोणतेही शुल्क कापू नये. विम्याचा हप्ता आधी, बँकेचे शुल्क नंतर, हा क्रम संगणकात एकदा बसवला की तो आपोआप पाळला जाईल.

शुल्कांविषयी आणखी एवढेच लिहितो. किमान शिल्लक कमी झाली तर ग्राहकाला आधी कळवावे, ती भरून काढायला महिना द्यावा आणि दंड तुटीच्या प्रमाणात असावा, असे रिझर्व्ह बँकेचे २०१४ सालापासूनचे निर्देश आहेत. भारतीय स्टेट बँकेने २०२० मध्ये आणि २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आणखी काही सरकारी बँकांनी बचत खात्यांवरचा हा दंड बंदच केला, ते फार चांगले झाले. परंतु खात्यात पैसे नसल्याने कर्जाचा हप्ता परत गेल्याचे शुल्क अजून आहे, आणि ते दुहेरी आहे : बँक एकदा घेते, कर्ज देणारी संस्था दुसऱ्यांदा घेते. पगार ७ तारखेला होतो आणि हप्ता ५ तारखेला लागतो, एवढ्या एका कारणाने दर महिन्याला पाच-सहाशे रुपये गमावणारी माणसे मला ठाऊक आहेत. हप्त्याची तारीख बदलून मागता येते हे त्यांना माहीत नसते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तोच हप्ता पुन्हा परत गेलेला दिसला, की शाखेतून एक फोन करून पगाराची तारीख विचारावी. ज्यांच्या खात्यात कधीच फार पैसे नसतात, त्यांना किमान शिल्लकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते घेता येते, हेही त्यांना कोणीतरी सांगायला हवे. स्वतःहून ते मागणारा एकही माणूस मी पाहिलेला नाही.

पासबुकाची भाषा हा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्या सेंट्रिंग कामगाराला मराठी उत्तम वाचता येत होते. तो रोज संध्याकाळी पारावर वर्तमानपत्र वाचत असे. त्याच्या पासबुकातली एकही नोंद मात्र त्याला वाचता येण्यासारखी नव्हती. इंग्रजी शब्दांची पहिली तीन-चार अक्षरे, त्यापुढे आकड्यांची लांब रांग, आणि छपाई इतकी फिकी की मलाही भिंग घ्यावे लागले. ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावे, असे निर्देश आहेत. पासबुकाचे कव्हर तीन भाषांत असते आणि आतली पाने एकाच. "एटीएममध्ये शिल्लक कमी असल्याचे शुल्क" आणि "विमा हप्ता वजा झाला नाही" ही दोन वाक्ये मराठीत छापलेली असती, तर मे महिन्यात पासबुक भरल्यावर त्याने चौतीस रुपये त्याच खिडकीत भरले असते. तो दिवसाला सहाशे रुपये मिळवणारा माणूस होता.

एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झालेल्या मुलाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याचे पैसे चौथ्या दिवशी आपोआप परत आले. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली अशा व्यवहारांना पाच दिवसांची मुदत घातली आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही द्यायला लावली, तेव्हापासून हे पैसे वेळेवर येऊ लागले आहेत. चूक यंत्राची असते तेव्हा दिवस मोजले जातात. माझी बहीण आणि वहिनी यांच्यासाठीही कोणीतरी तसेच दिवस मोजावेत, एवढेच मी मागतो आहे.

मी कराडमध्ये राहतो. येत्या मे महिन्यात, पहिल्या तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत, सुटीचे दिवस सोडून रोज सकाळी साडेदहा ते दीड या वेळेत मी कोणत्याही शाखेत विनामोबदला बसायला तयार आहे. माझ्याबरोबर निवृत्त झालेले आणखी दोन सहकारीही येतील. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. खात्यांची माहिती आम्हाला पाहायची नाही, ते काम तुमच्या कर्मचाऱ्यांचेच आहे. आम्ही अर्ज भरून देऊ, खाते क्रमांक मूळ कागदाशी ताडून पाहू, पासबुक मराठीत वाचून दाखवू, आणि ज्यांच्या विम्याच्या हप्त्याइतके पैसे खात्यात नाहीत त्यांना त्याच दिवशी ते भरायला सांगू. दाराजवळ एक टेबल, तीन खुर्च्या आणि निळ्या शाईचे पॅड ठेवावे. अंगठा लावणारे लोक अजूनही येतात.

आपला नम्र,
एक निवृत्त हेडकॅशियर
कराड, जि. सातारा